अभिनंदन मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक साहेब,
विशेष सक्षम व्यक्ती सेवा संचालनालय,
तिसरा मजला (लिफ्ट चालू असल्यास).

विषय : अर्जदार स्वावलंबी झाल्याबद्दल आपण केलेले अभिनंदन मागे घेऊन तिची मदतनीस तिला परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले सोनेरी किनारीचे अभिनंदनपत्र.
२) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, जो आपल्या कार्यालयाने तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून ठेवून घेतला आहे.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी आणि तोंडाने जरा तिखट अशी बाई असून एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेण्याचे काम करते. ऐन पंचविशीत मणक्याच्या दुखण्याने तिचे कमरेखालचे शरीर गेले. उजवा हात छातीच्या वर उठत नाही, डाव्याने कशीबशी सही होते. जिभेला काहीही झालेले नाही. सदर अर्ज तिने पलंगावरून सांगितला असून मदतनीस मावशींनी लिहून घेतला आहे. मावशी अर्जदारापेक्षा चांगल्या पंधरा-वीस वर्षांनी लहान आहेत, पण पहिल्या दिवशी तोंडातून ‘मावशी’ निघून गेले ते कायमचेच बसले. अर्जात ‘मी, मी’ करू नये, ‘अर्जदार’ असे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्या साहेबांना कोणी अंगावर आल्यासारखे वाटत नाही, अशी समज आपल्या खिडकीवरच्या बाईंनी दिल्यामुळे तसे लिहिले आहे.

२. आपल्या खात्याबद्दल अर्जदाराच्या मनात आकस नाही, हे प्रथम नमूद करण्यात येते. साहाय्य कायदा होण्यापूर्वी अर्जदार तिच्या दादाकडे चौथ्या मजल्यावर राहत होती. तिथे लिफ्ट नाही. दादा आणि शेजारचा सुतार मिळून तिला खुर्चीसकट खाली आणत, म्हणजे दवाखान्यासाठी आणि मतदानासाठी. एरवी खिडकी. मग कायदा मंजूर झाला, दोन्हीकडच्या सभासदांनी बाके वाजवली, आणि सरकारी पगारावर मदतनीस मिळणार असे ठरले. अर्जदाराने तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली, गल्लीच्या पलीकडे नोकरी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराचे वीजबिल स्वतः भरले. लोक सरकारला ऊठसूट शिव्या देतात. अर्जदाराने त्या वर्षी एकही दिली नाही.

पुढे कायद्यात सुधारणा झाली. आम्ही आधी अपंग होतो, ते विशेष सक्षम झालो. पाट्या रंगवणाऱ्याचे भले झाले. सेवेचा हेतू आता ‘स्वावलंबन’ असा ठरला आणि वर्षात किती माणसे स्वावलंबी झाली याचा आकडा प्रत्येक कार्यालयाने वर कळवायचा असेही ठरले. त्याच सुमारास निधीला कात्री लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही असे आपल्या पत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे, त्यामुळे अर्जदारही तसेच समजून चालते.

३. मावशी काय करतात, हे आपल्या दप्तरी ‘किरकोळ गृहसाहाय्य’ असे लिहिलेले आढळले. तरी थोडा खुलासा. मावशी सकाळी साडेसहाला स्वतःच्या किल्लीने दार उघडतात, कारण अर्जदार दारापर्यंत येऊ शकत नाही. येऊन अर्जदाराला कुशीवर वळवतात, पाठीवर कुठे लाल झाले आहे का ते बघतात, लघवीची पिशवी रिकामी करतात, अंघोळ घालतात, कपडे चढवतात, बगलेत हात घालून खुर्चीत बसवतात आणि पाय घसरू नयेत म्हणून पट्टे आवळतात. केस विंचरताना शेजारच्यांची निंदा करतात. मग चहा पाजून कंपनीत ढकलत नेतात. संध्याकाळी हेच उलट्या क्रमाने. (निंदेचे वाक्य लिहायला मावशींनी आधी नकार दिला होता. अर्ज खरा असावा लागतो, असे सांगितल्यावर लिहिले.)

४. आता मूळ प्रकरण. ‘मूल्यांकन अधिकारी आपल्या घरी भेट देतील’ असे आपले पत्र आले. अर्जदाराने ते कौतुकाने फोनवर आईला वाचून दाखवले, आणि इथेच माशी शिंकली. घरी साहेब येणार म्हटल्यावर आई आणि वहिनी आदल्या दिवशीच दोन बस बदलून हजर झाल्या. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटले की घरातले सगळे खरेखुरे सामान माळ्यावर जाते, ही जुनी पद्धत आहे. त्याप्रमाणे हवेची गादी माळ्यावर गेली. पलंगावर टांगलेली, धरून वर सरकायची दोरी काढली, कारण वहिनीच्या मते ती बघायला अशुभ वाटत होती. औषधे पिठाच्या डब्यामागे. बेडपॅन कुठे ठेवले ते आठवडाभर सापडले नाही. चाकाच्या खुर्चीवर फुलाफुलांची चादर अशी घातली की चाके दिसेनात. पिशवी साडीच्या निऱ्यांखाली. शेजारून बशांसकट कप आणले. अर्जदाराला ठेवणीतली साडी नेसवली, पावडर लावली, आणि शेवटी आईने मावशींना मागच्या मोरीत बसवले, कारण चारचौघांत कामाचे माणूस मध्ये मध्ये बरे दिसत नाही.

मावशी मोरीत बादली पालथी घालून बसल्या होत्या. मोरीचे दार लोटलेले होते. आपले अधिकारी तिथूनच दोन पावलांवर बसून ‘मदतनीस दिसून आली नाही’ असे टिपत होते.

५. अधिकारी हा तरुण, सालस, जोडे बाहेर काढून आत आलेला मुलगा होता. त्याच्या हातात पाटीसारखे यंत्र होते. त्याचे प्रश्न सरळ होते, पण आईने ते सगळे घराण्याच्या अब्रूवर घेतले. बाई अंघोळ करतात का, असे त्याने विचारले, तर आई म्हणाली की अहो, म्हणजे काय, रोज! आणि डोक्यावरून आठवड्यातून दोनदा! केस विंचरतात का? दोन वेळा. स्वयंपाक? तिच्या हाताची चव आमच्या सुनेलाही नाही, असे आई सुनेसमक्ष म्हणाली. वास्तविक अर्जदाराने शेवटचे काही शिजवले त्याला पंचवीस वर्षे उलटली. घराबाहेर पडतात का? या प्रश्नावर वहिनी मध्ये पडली आणि म्हणाली, नोकरी करतात त्या, साहेब, कुणाच्या उपकारात नाहीत! अधिकारी प्रत्येक उत्तराला मान डोलावून बोटाने काहीतरी दाबत होता आणि आईला वाटत होते की मुलगा खूश आहे.

मग चहा आला. चहा मावशींनी आधीच करून, गाळून, किटलीत भरून ठेवला होता. अर्जदाराने फक्त किटली डाव्या हाताने वाकडी केली. चहा निम्मा बशीत गेला. ‘पेय तयार करून अतिथीस देते’ या रकान्यात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

६. या ठिकाणी आपण विचाराल की अर्जदार स्वतः गप्प का बसली. प्रश्न रास्त आहे. आपल्या पत्रकातील एक प्रश्न शौचाबद्दल आहे. तो त्या मुलाने खाली बघत, हळूच विचारला. समोर आई बसलेली, वहिनी बसलेली, अंगावर ठेवणीतली साडी, आणि कितीतरी वर्षांनी कोणीतरी परका पुरुष अर्जदाराला ‘मॅडम’ म्हणत होता. अर्जदार ‘हो’ म्हणाली. ‘हो, स्वतः जाते.’ महोदय, त्या खोलीत त्या वेळी आपण असतात आणि आपल्या मातोश्रींसमोर आपल्याला हे विचारले असते, तर आपणही ‘हो’च म्हणाला असता. अधिकारी गेल्यावर आईने अर्जदाराची दृष्ट काढल्यासारखे गालावरून हात फिरवले आणि म्हणाली, कशी राणीसारखी बसली होतीस गं. अर्जदाराला तेव्हा फार बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

७. तदनंतर आपले अभिनंदनपत्र आले. त्यात असे म्हटले आहे की, शासनाच्या प्रयत्नांमुळे आपण स्वावलंबी झाला आहात, सबब मदतनीस सेवा येत्या शनिवारपासून यशस्वीरीत्या समाप्त करण्यात येत आहे. मावशींनी ते दोनदा वाचले आणि विचारले की ताई, आपण कधी झालो? सोबत सत्काराचे निमंत्रणही होते. सभागृह पहिल्या मजल्यावर, जिना संगमरवरी. निमंत्रणाच्या खाली बारीक टीप अशी की, यशस्वी लाभार्थींनी मदतनीस सोबत आणू नये, त्यामुळे कार्यक्रमाच्या हेतूस बाधा येते. चौकशी केली असता कळले की शिपाई खुर्चीसकट वर उचलून नेतील. म्हणजे मानपत्र घ्यायला वर नेण्यासाठी आपल्याकडे चार माणसे आहेत, आणि सकाळी पलंगावरून उठवायला एक नाही. हे गणित कोणत्या हुशार डोक्यातून निघाले ते कळल्यास अर्जदार त्याचाही सत्कार करू इच्छिते.

८. अर्जदार मागील अर्ज घेऊन आपल्या कार्यालयात आली होती. नियम असा की फेरविचाराचा अर्ज लाभार्थीने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय सादर करावा. मावशींनी ढकलत आणले, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की हे चालत नाही, मदत घेतलीत. मावशी रागाने खुर्ची सोडून बाजूला उभ्या राहिल्या, तर बाई म्हणाल्या, बघा, मदतीशिवाय आलातच की, मग तक्रार कशाची? बाईंचा स्वभाव वाईट नाही. लिफ्ट बंद होती म्हणून त्या तीन मजले उतरून खाली आल्या आणि अर्ज हातोहात घेतला. पण घेता घेता त्या म्हणाल्या की अगंबाई, किती सुंदर अक्षर आहे हो तुमचं! आणि अर्जावर शेरा मारला : हाताची हालचाल उत्तम. अक्षर मावशींचे होते. ते सांगेपर्यंत बाई दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेल्या होत्या.

बंद लिफ्टबद्दल अर्जदाराने तिथूनच आपल्या कंपनीला फोन लावला. होय, आपल्या इमारतीची लिफ्ट आमच्याच कंपनीची आहे. अर्जदाराच्या जागी बसलेल्या सहकाऱ्याने फोन घेतला आणि आम्हाला शिकवलेले वाक्य तिलाच ऐकवले : घाबरू नका, माणूस निघाला आहे.

९. या वाक्यावरून आपल्याला काही आठवते का, हे विचारण्याचे धाडस अर्जदार करते. काही महिन्यांपूर्वी एका दुपारी आपल्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एकच इसम होते. लिफ्टमधला फोन थेट अर्जदाराच्या टेबलावर वाजतो. त्या इसमांनी प्रथम आपला हुद्दा सांगितला. हुद्द्याने लिफ्ट हलत नाही हे लक्षात आल्यावर ते रागावले. मग म्हणाले, दिवा गेला. मग म्हणाले, श्वास कोंडतोय. आणि शेवटी अगदी लहान आवाजात त्यांनी विचारले की बाई, तुम्ही फोन तर ठेवणार नाही ना?

अर्जदाराने फोन ठेवला नाही. घाबरू नका, माणूस निघाला आहे, असे पुन्हा पुन्हा सांगितले. घरी कोण कोण आहे ते विचारले. त्यांच्या नातीला नुकताच पहिला दात आला होता, त्याची सगळी हकिकत ऐकून घेतली. आमच्याकडे हीच शिकवण आहे की आत अडकलेल्या माणसाला काही करता येत नसते, बाहेरचा माणूस येऊन दार उघडीपर्यंत त्याला धीर द्यायचा असतो. दार आपण स्वतः उघडू शकता का, थोड्या कष्टाने की बऱ्याच कष्टाने, असे विचारून अर्जदाराने त्या इसमांना गुण दिले नाहीत. आत किती ऐटीत उभे आहात, टाय नीट आहे का, हेही विचारले नाही. बाहेर आल्यावर ते इसम फोनवर आभार मानायला विसरले. असे बहुतेकांचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. हा कोणताही दबाव नसून केवळ ओळख दिली आहे. मात्र अर्जदार पलंगावरच राहिल्यास पुढच्या वेळी त्या टेबलावर कोण असेल याची तिला कल्पना नाही. सध्याचा सहकारी फोन पटकन ठेवतो.

१०. मावशींना आपल्या खात्याने उद्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा लाभार्थी नेमून दिला आहे. मी अशीच येत जाईन, पगाराचं बघू, असे मावशी गेले आठ दिवस म्हणत आहेत. अर्जदाराने त्यांना गप्प बसवले. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, तिचे करून त्या येतात. उपकार म्हणून माणूस चार दिवस येते, पाचव्या दिवशी त्याला उशीर होतो आणि अर्जदाराला तोंडातून शब्द काढता येत नाही. पगारी माणसावर निदान ओरडता तरी येते. (मावशी लिहिताना रडत आहेत. कागदावरचा डाग त्याचा आहे, कार्यालयीन कामात त्याचा विचार करू नये.)

दादा चांगला माणूस आहे. तो म्हणतो की कशाला ही दगदग, चल आपल्या घरी. तो येत्या रविवारी टेम्पो घेऊन येणार आहे. सुताराचीही कंबर आता गेली आहे, तेव्हा वर नेताना दोन हमाल लागतील. खाली आणायचा विषय कोणी काढलेला नाही. चौथा मजला कसा असतो, हे अर्जदाराला माहीत आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. लोक येतात, बरी आहेस ना म्हणतात, आणि खाली उतरून जातात. अर्जदाराला तिथे परत जायचे नाही. हे वाक्य कोणत्या कलमाखाली घालायचे ते समजले नाही, म्हणून असेच लिहिले.

११. सबब विनंती करण्यात येते की, आपण उद्या शनिवारी सकाळी साडेसहा वाजता, ज्या वेळी मावशी यायच्या त्या वेळी, जातीने येऊन अर्जदाराचे फेरमूल्यांकन करावे. आदल्या दिवशी मात्र कृपया कोणालाही कळवू नये. कळवलेत तर आई आणि वहिनी येऊन घर आवरतील.

आवक खिडकी आता बंद झाली आहे, म्हणून मावशी हा लिफाफा जाता जाता आपल्या घरी देतील. पत्ता आमच्या कंपनीत आहे. आपल्या सोसायटीची लिफ्टही आमचीच. हे नियमात बसत नाही याची जाणीव आहे. लिफाफा देण्यापूर्वी मावशी अर्जदाराला पलंगावर नीट झोपवतील, उशाशी पाण्याची बाटली आणि फोन ठेवतील आणि दार ओढून घेतील. ते आपोआप बंद होते.

या दाराच्या किल्ल्या दोन आहेत. एक दादाकडे आहे. दुसरी मावशींची, ती त्यांनी आज नियमाप्रमाणे अर्जदाराला परत केली. पण किल्ली आतल्या माणसाच्या काही उपयोगाची नसते, म्हणून ती आपल्याकडे पाठवत आहे. डावीकडे फिरवावी आणि दाराला खांदा द्यावा, पावसाळ्यापासून ते फुगले आहे. आत आल्यावर उजव्या हाताला पलंग आहे. दोरी पुन्हा टांगली आहे, गादीही खाली काढली आहे, खुर्चीची चाके दिसतात. चहा मिळणार नाही. ‘हो’ तर नाहीच नाही. विचाराल ते खरे सांगितले जाईल, आई समोर असली तरी.

यायचे ठरल्यास घरून निघताना तेवढा एक फोन करावा. जास्त काही बोलायला नको. माणूस निघाला आहे, एवढे म्हटले तरी पुरे.

कळावे,

आपली, उद्या सकाळपर्यंत आडवी,
अर्जदार
(सही डाव्या हाताची आहे, वाकडेपणा मनावर घेऊ नये.)

स्थळ : पलंग
दिनांक : शुक्रवार, महिनाअखेर

सोबत जोडले आहे :
१) अभिनंदनपत्र, मूळ प्रत, साभार परत.
२) सत्काराचे निमंत्रण, न वापरलेले.
३) घराची किल्ली.